तडा कुठे अडतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



उन्हाळ्याची चाहूल लागली की कुंभारवाड्यातून नवा माठ आणायचा, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. आई रांगेतला एखादा माठ उचलायची, डाव्या हातावर तोलून धरायची आणि उजव्या हाताने त्याला टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर माठ आमचा. बद्द आवाज आला तर तो मुकाट परत रांगेत. कुंभाराने कितीही शपथा घेतल्या तरी आई ऐकायची नाही. डोळ्यांना न दिसणारा तडा कानाला बरोबर कळतो, यावर तिचा पक्का विश्वास होता. पुढे मी इंजिनिअर होऊन कारखान्यात लागलो तेव्हा पाहिलं, की ग्राइंडरवर नवं चाक चढवण्याआधी आमचे मिस्त्री ते बोटावर लटकवत आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकून कान देत. आईची टिचकी आणि मिस्त्रींची मूठ, परीक्षा एकच.

आज मला बोलायचं आहे ते या तड्याविषयी. वस्तूत तडा गेला की तो पुढे का धावतो, त्याला अडवायचं कसं, आणि समुद्रातल्या शिंपल्यांना ते आपल्याआधी कसं जमलं, असा हा विषय आहे. आधी कारखान्यात आणि मग वर्गात शिकवताना मी या प्रश्नावर तीस-बत्तीस वर्षं घालवली. पण त्याची सुरुवात माझ्या एका चुकीतून झाली, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

गोष्ट १९७८ सालची. खनिज फोडून चाळण्याचा तो कारखाना होता. मी पदवी घेऊन देखभाल विभागात नुकताच रुजू झालो होतो. तिथे खोलीएवढी मोठी एक लोखंडी चाळणी होती. मोटरच्या जोरावर ती दिवसरात्र थरथरत असे. तिच्या दोन्ही बाजूंचे जाड पत्रे एकसंध नव्हते. प्रत्येक बाजूला दोन-दोन पत्रे एकमेकांवर थोडे चढवून रिव्हेटने जोडलेले होते, आणि मधल्या आडव्या नळ्याही रिव्हेटनेच बसवलेल्या होत्या. महिना-दीड महिन्याने दोन-चार रिव्हेट ढिले पडत. मग चाळणी थांबवायची, ते काढायचे, नवे ठोकायचे. मला हा सगळा प्रकार जुनाट वाटला. मी ठरवलं, की रिव्हेट काढून सगळं वेल्डिंग करून टाकायचं. एकसंध काम, कायमची कटकट मिटली. मिस्त्री तेवढंच म्हणाले, "साहेब, हिला जरा हलू द्यावं लागतं." मी हसलो. माझ्याकडे पदवी होती ना!

चार महिने चाळणी झकास चालली. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. मग एका संध्याकाळी मिस्त्रींना एका नळीच्या वेल्डिंगपाशी केसासारखी बारीक चीर दिसली. ते म्हणाले, मशीन बंद करा, मी चिरेच्या टोकाला भोक पाडतो. मला ते अजबच वाटलं. आधीच चिरलेल्या पत्र्याला आणखी भोक? शिवाय माल वेळेवर पाठवायचा होता. मी म्हटलं, रविवारी बघू, वरून वेल्डिंगचा एक पट्टा मारू. त्याच रात्रपाळीत पत्रा आरपार फाटला, चाळणी एका बाजूला बसली आणि तिच्या खाली साफसफाई करणाऱ्या आमच्या हेल्परच्या पायाची तीन बोटं गेली.

चौकशी झाली. कागदावर कारण लिहिलं गेलं, 'धातूचा थकवा'. कारण खोटं नव्हतं. पण त्या कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं. तो हेल्पर पुढे गेटवर पहाऱ्याला राहिला आणि रोज सकाळी मला सलाम करायचा. तो सलाम चुकवण्यासाठी मी कितीतरी दिवस मागच्या दाराने आत जात असे. मिस्त्री मला एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फाटलेल्या पत्र्याचा तुकडा त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि चीर जिथून पार झाली होती तिथे बोट ठेवून म्हणाले, "इथे आधी दोन पत्रे होते साहेब. एक गेला असता, दुसरा राहिला असता."

हे वाक्य नीट समजायला मला बरीच पुस्तकं वाचावी लागली. त्यांचं सार थोडक्यात सांगतो.

एखादा पत्रा दोन्हीकडून ओढला की त्यातला ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. पण मध्ये चीर असेल तर तिच्या जागेवरचा ताण बिचारा जाणार कुठे? ओढ्यात मोठा दगड आला की पाणी त्याच्या दोन्ही कडांनी घुसतं, तसा तो चिरेच्या टोकांशी गर्दी करतो. टोक जितकं अणकुचीदार, तितकी गर्दी जास्त. इंग्लिस या ब्रिटिश इंजिनिअरने १९१३ साली याचं सूत्र मांडलं. त्यात आकडे घालून बघा. दोन सेंटिमीटर लांबीची चीर आहे आणि तिच्या टोकाची गोलाई एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आहे. मग टोकापाशी ताण होतो नेहमीच्या दोनशे पट! आता त्याच टोकाला दहा मिलिमीटरचं गोल भोक पाडा. दोनशेची पट एकदम चारच्या आसपास उतरते. आमच्या मिस्त्रींनी इंग्लिसचं नाव आयुष्यात ऐकलं नसेल. पण भोक कुठे पाडायचं ते त्यांना ठाऊक होतं.

दुसरं नाव ग्रिफिथचं. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत हा तरुण काम करत होता. काच कागदावरच्या हिशेबाने जितकी मजबूत असायला हवी त्याच्या कितीतरी पट कमी भारात का फुटते, हे कोडं त्याने घेतलं आणि १९२१ साली त्याचं उत्तर प्रसिद्ध केलं. ताणलेल्या वस्तूत, ताणलेल्या रबरात असते तशी, ऊर्जा साठलेली असते. तडा पुढे सरकला की त्याच्या आजूबाजूचा भाग सैल पडतो आणि ती ऊर्जा मोकळी होते. तड्याला नवा पृष्ठभाग तयार करण्यासाठी मात्र थोडी ऊर्जा खर्चावी लागते. तडा दुप्पट लांब झाला तर खर्च दुप्पट होतो, पण उत्पन्न चौपट! म्हणजे ठरावीक लांबीपर्यंत तडा तोट्यात असतो, गप्प बसतो. ती लांबी ओलांडली की त्याचा धंदा फायद्यात येतो, आणि मग तो थांबत नाही. काचेत असा सुटलेला तडा सेकंदाला जवळजवळ दीड किलोमीटर वेगाने धावू शकतो. कप हातातून पडला आणि मध्येच झेलू असं म्हणत आपण हात पुढे करतो, ते ठीक आहे. तडा झेलणं आपल्या हातात नाही.

माझी चूक मी एकट्याने केलेली नव्हती, हेही याच वाचनात कळलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'लिबर्टी' जातीची सत्तावीसशेहून जास्त मालवाहू जहाजं झपाट्याने बांधली. रिव्हेटला वेळ लागतो म्हणून ती वेल्डिंगने जोडली होती. त्यातल्या कित्येकांना मोठमोठे तडे गेले आणि काही तर दुभंगली. अशाच वेल्डिंगने बांधलेलं 'स्केनेक्टडी' नावाचं तेलवाहू जहाज १९४३ च्या जानेवारीत ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभं होतं आणि उभ्या उभ्या जवळजवळ दोन तुकडे झालं. थंडीत ते पोलाद ठिसूळ होत होतं, हे एक कारण. डेकवरच्या चौकटींचे काटकोनी कोपरे, हे दुसरं. पण रिव्हेटच्या जहाजात एका पत्र्याचा तडा त्या पत्र्याच्या काठाशी संपायचा. वेल्डिंगच्या जहाजात त्याला काठच उरला नव्हता. नंतर काही जहाजांवर मुद्दाम रिव्हेटच्या पट्ट्या बसवण्यात आल्या, तडा तिथे तरी अडावा म्हणून.

आता शिंपल्याकडे येऊ. माझी सासुरवाडी रत्नागिरीजवळची. एका मे महिन्यात तिथे शिणाण्यांचं कालवण झालं. ताटात उरलेले हिरव्या पाठीचे, आतून चमकणारे शिंपले घेऊन मी मागच्या पडवीत बसलो आणि हातोडीने फोडू लागलो. जावयाला वेड लागलं असं मंडळींना वाटलं असणार. मला पाहायचं होतं ते एवढंच, की हे शिंपले फुटतात कसे. ते फुटले खरे, पण काचेसारखा लख्ख तडा जाऊन नाही. चमकदार थराची कड पायऱ्यापायऱ्यांची, खवल्याखवल्यांची निघाली. घरी परत येताना चार शिंपले मी रुमालात बांधून आणले.

शिंपल्याच्या आतल्या त्या चमकदार थराला मोत्याची आई म्हणतात. त्याचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट असतो, म्हणजे चुनखडीचाच भाऊबंद. उरलेले पाच टक्के प्रथिनांसारखे मऊ पदार्थ. चुनखडीचं हे खनिज शुद्ध रूपात अगदी ठिसूळ असतं. पण इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात जॅक्सन, व्हिन्सेंट आणि टर्नर या तिघांनी १९८८ साली दाखवून दिलं, की हा चमकदार थर मोडायला त्या खनिजाच्या सुमारे तीन हजार पट ऊर्जा लागते. तीन हजार पट! आणि त्यात नवीन काय मिसळलं, तर पाच टक्के गोंद.

सूक्ष्मदर्शकाखाली हा थर विटांच्या भिंतीसारखा दिसतो. वीट म्हणजे खनिजाची चपटी चकती, जाडी अर्धा मायक्रॉन, रुंदी पाच-दहा मायक्रॉन. दोन विटांमध्ये गोंदाचा थर इतका पातळ, की असे तीस-चाळीस हजार थर एकावर एक रचले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. आणि कुठल्याही चांगल्या गवंड्याप्रमाणे शिंपल्यातल्या जिवानेही एका थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्यावर येऊ दिलेला नसतो.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की यातला गोंद विटेपेक्षा पुष्कळच कच्चा असतो. जॉन कुक आणि जे. ई. गॉर्डन या दोघांनी १९६४ साली याचं मर्म उलगडलं होतं. तडा पुढे येताना त्याच्या टोकाच्या जरा पुढे, तड्याच्याच दिशेने, एक छोटी ओढ तयार होते. मुख्य ओढीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी. आता वाटेत आडवा सांधा असेल आणि त्याची पकड विटेच्या बळाच्या पाचव्या हिश्शाहून कमी असेल, तर तडा पोहोचायच्या आतच तो सांधा किंचित उघडतो. अणकुचीदार टोक येऊन त्या पोकळीत पडतं आणि बोथट होतं. म्हणजे आमच्या मिस्त्रींचं भोक तिथे आधीच पाडून ठेवलेलं असतं, आणि तेही दर अर्ध्या मायक्रॉनवर. सांधा फार घट्ट झाला तर तो उघडत नाही, तडा विटेतून सरळ निघून जातो. माझ्या वेल्डिंगने नेमकं हेच केलं होतं. फार सैल झाला तर अर्थात भिंतच ढासळते.

जुन्या वाड्यांची दुरुस्ती करणारे जाणते गवंडी विटांमधल्या दर्जा चुन्यानेच भरायला सांगतात, कडक सिमेंटने नाही, त्यामागे हीच समजूत आहे. भिंत हलली की मऊ चुना फाटतो, तो पुन्हा भरता येतो. सिमेंट भरलं तर वीटच तडकते. शाडूची गणेशमूर्ती घडवणारे मातीत कापूस कालवतात आणि मातीच्या भिंतीत गवताचा भुसा घालतात, त्याचीही जातकुळी तीच. तडा आला तरी धागे त्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. हे सगळं आपल्याकडे पूर्वीपासून होतंच, असा डांगोरा मला पिटायचा नाही. हाताला कळलेली गोष्ट आणि आकड्यात मांडलेली गोष्ट यांत फरक असतो. मांडलेली गोष्ट दुसऱ्या पदार्थाला लावता येते.

शिंपल्यातला गोंद आणखी एक काम करतो. त्याचे लांबलचक रेणू घडी घालून ठेवल्यासारखे असतात. विटा सरकू लागल्या की त्या घड्या एकामागून एक सुटतात, लुगड्याच्या निऱ्या सुटाव्यात तशा, आणि दर घडीला थोडी ऊर्जा खर्ची पडते. गोंद तुटत नाही, लांबत जातो. १९९९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ॲबलोन नावाच्या सागरी गोगलगायीच्या शिंपल्यातले हे रेणू एकेक करून ओढून पाहिले आणि ताणाचा आलेख करवतीच्या दातांसारखा वर-खाली होताना टिपला. मात्र त्यासाठी शिंपला ओला असावा लागतो. वाळलेला शिंपला पुष्कळच ठिसूळ होतो. पडवीतल्या माझ्या प्रयोगात शिंपले कालवणातून नुकतेच निघालेले होते, हे माझं नशीब.

मग माणसाने याची नक्कल कशी केली? पहिला चांगला प्रयत्न मला फार आवडतो, कारण तो जवळजवळ स्वयंपाकघरातला आहे. १९९० साली क्लेग आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी सिलिकॉन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या पुडीची कणीक मळली, तिच्या पातळ पोळ्या लाटल्या, प्रत्येक पोळीवर ग्राफाइटचा हात फिरवला आणि त्या एकावर एक रचून भट्टीत भाजल्या. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं, पकडीला अगदी कच्चं. घडीच्या पोळीचे पदर तेलामुळे सुटे राहतात ना, तसेच हे. असा तुकडा मोडायला साध्या तुकड्याच्या शंभर पटींहून जास्त ऊर्जा लागली. तडा प्रत्येक पदरापाशी आडवा वळत होता.

पण शिंपल्याचे पदर याहून शेकडो पटींनी पातळ. ते लाटणार कोण? इथे बर्फ मदतीला आला. लहानपणी आपण प्लॅस्टिकच्या नळीतली पेप्सी चोखायचो. पहिल्या चार घोटांत सगळा रंग आणि साखर तोंडात यायची, हातात उरायचा पांढराफट्ट बर्फ. पाणी गोठताना आपल्यातलं मिसळण बाहेर ढकलतं, त्याचा हा परिणाम. समुद्राचं पाणी गोठलं तरी मीठ असंच बाहेर पडतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत देविल, साइझ, टॉम्सिया आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हीच युक्ती वापरली. चिनी मातीसारख्या पदार्थाची बारीक पूड पाण्यात कालवायची आणि ते पाणी खालून वर, सावकाश, एकाच दिशेने गोठवायचं. बर्फाच्या पातळ उभ्या पापुद्र्यांमध्ये पूड आपोआप दाबली जाते. मग निर्वातात बर्फ उडवून लावला की पुडीचे पदर तेवढे उरतात. २००८ साली त्याच प्रयोगशाळेत ॲल्युमिनाचे असे पदर दाबून, भाजून, त्यांच्या फटींत ॲक्रिलिक भरण्यात आलं. ॲल्युमिना ठिसूळ, ॲक्रिलिकही काही फार चिवट नाही. पण दोघांच्या या भिंतीला मोडायला त्यांच्यापैकी एकेकट्याच्या सुमारे तीनशे पट ऊर्जा लागली.

काचेच्या बाबतीत तर याहून धाडसी प्रयोग झाला. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बार्थेला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१४ साली काचेच्या आत लेझरने बारीक बारीक तड्यांची नक्षीच कोरली. आधीच हजारो तडे पाडून ठेवले! त्या फटींत मऊ पॉलियुरेथेन भरलं. ही काच साध्या काचेच्या दोनशे पट चिवट निघाली. मिस्त्रींच्या भोकाची गोष्ट मी वर्गात सांगत असे तेव्हा मुलं हसायची, मी हसलो होतो तशीच. हा प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा मी निवृत्त झालो होतो, नाहीतर त्या काचेचा फोटो फळ्याशेजारी लावला असता.

अशी बातमी आली की वर्तमानपत्रांत मथळा येतो, 'आता काच फुटणारच नाही'. तो वाचून माझ्या पोटात गोळा येतो. चिवटपणा आणि बळकटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेझरने कोरलेली ती काच मोडायला ऊर्जा पुष्कळ लागते, पण अखंड काचेइतका भार ती पेलत नाही. मऊ दर्जांचं मोल कुठेतरी मोजावं लागतंच. ॲक्रिलिक भरलेली भिंत शंभर अंशांच्या वर गेली की मऊ पडू लागते, मग ती इंजिनात कशी वापरणार? फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१४ साली विटाही खनिजाच्या आणि गोंदही खनिजाचाच ठेवून हा अडसर बऱ्याच अंशी दूर केला, त्यांची भिंत सहाशे अंशांनाही टिकली. पण प्रयोगशाळेतला तुकडा आणि दुकानातली वस्तू यांत अंतर असतं. सावकाश गोठवणं, निर्वात, भट्टी, यात वेळ जातो आणि पैसाही. तुकडे मोठे करायला गेलं की पदर वाकडेतिकडे होतात.

आणि एका बाबतीत शिंपला आपल्या अजून फार पुढे आहे. तो जिवंत असताना आपल्याला गेलेला तडा आतून नवा थर चढवून भरून काढतो. आपल्या हाडांचंही तसंच. हाडात रोजच्या चालण्या-फिरण्याने बारीक चिरा पडत असतात, हाडातल्या नळ्यांभोवतीचे कच्चे थर त्यांना वळवतात, चिरेच्या दोन कडांना न तुटलेले पूल धरून ठेवतात आणि मग पेशी येऊन जुना भाग खरवडून नवा घालतात. म्हणून हाड आडवं मोडणं त्याला उभं चिरण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. वय वाढतं तसे हे पूल कमी होत जातात. माझ्या आईचा खुबा ती न्हाणीघरात साधी घसरली तेव्हा मोडला. एक्स-रे उजेडाकडे धरून मी बराच वेळ ती रेघ पाहत बसलो होतो. कुठे वळली, कुठे सरळ गेली ते.

शेवटी एक खिडकी. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले बसवलेले तुम्ही पाहिले असतील. चपटे, कागदासारखे पातळ, आत मऊ दुधाळ उजेड सोडणारे. झुआरीच्या मुखाशी चिखलीच्या बाजूला या जातीचे शिंपले सापडतात. यांच्यात गोंद आणखी कमी, सुमारे एक टक्का. बाकी ९९ टक्के खनिज, आणि तरी दिसणाऱ्या उजेडातला ऐंशी टक्के भाग ते आरपार जाऊ देतात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ली आणि ऑर्टिझ यांनी २०१४ साली या शिंपल्यांवर हिऱ्याच्या सूक्ष्म टोकाने घाव घालून पाहिले. शुद्ध खनिजाच्या दहापट ऊर्जा तो शिंपला जिरवत होता. घाव बसला की तिथले स्फटिक थराथराने आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे फिरतात, आजूबाजूचे गोंदाचे पातळ थर सुटतात, आणि नुकसान तेवढ्याच जागेत कोंडलं जातं. म्हणून तो शिंपला घाव बसल्यावरही बाकीच्या भागात पारदर्शक राहतो. चिलखती काचेचं काम करणाऱ्यांना याचं आकर्षण आहे ते यासाठीच. साध्या काचेला एक गोळी लागली की सगळी काच जाळ्यासारखी तडकते आणि बाहेरचं काही दिसेनासं होतं.

हे वाचल्यानंतर साष्टीतल्या एका मित्राच्या घरी गेलो होतो. त्याच्या माडीवरच्या खिडकीत खालच्या ओळीतल्या एका शिंपल्याला वाटाण्याएवढं भोक आहे. त्याच्या धाकट्या भावाने लहानपणी बेचकीने खडा मारला होता. भोकाभोवती पांढरट धुरकट कडं आहे, बोटाच्या पेराएवढं, आणि त्यापलीकडे काही नाही. तडा एकही नाही. वडील तो शिंपला बदलणार होते, ते राहून गेलं, असं मित्र म्हणाला. चाळीसएक वर्षं झाली असतील. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून त्याच्या आईने भोकावर मेणकागदाची एक चकती चिकटवली होती. ती मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते.